चौथा चेंडू

सर,

लातूरला दरवर्षी तुमच्या नावानं जुन्या विद्यार्थ्यांची बेसबॉलची मॅच होते, ती काल झाली. घरी येऊन दोनदा अंघोळ केली तरी अंगावरची किळस जाईना, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की फोटोतले तुम्ही आता माझ्यापेक्षा लहान दिसता. तो फोटो मैदानावर एका खुर्चीत ठेवतात, उदबत्ती लावतात, आणि मग तुमच्या देखत काय वाट्टेल ते करतात.

तुम्ही कंधारच्या शाळेत होतात तेव्हा प्रॅक्टिस झाल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही जेवायला बसायचो. काकू तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकून राहिल्यात आणि तुम्ही हैदराबादहून रद्दीत आणलेल्या इंग्रजी मासिकांतलं काय काय सांगताय. अमेरिकेत कोण पंचेचाळिशी उलटली तरी पिचिंग करत होता, कोण पोरांच्या वयाच्या खेळाडूंसोबत पळायचा. एका म्हाताऱ्याला म्हणे नुसतं एकदा बॅट धरायला परत बोलावलं, का तर त्याच्या कारकिर्दीत आणखी एक दशक मोजता यावं. आम्ही लई हसलो. तुम्ही पिठल्याचा हात तसाच वर धरून म्हणालात, "त्याला खेळणं म्हणू नका रे. तिकिटं खपवायचा तमाशा हाय तो." तुमचा आवडता दुसराच होता. वर्षानुवर्षं पिचिंग केलेला, आणि हात गेला त्या दिवशी अर्ध्या मॅचमधून कुणाला काही न सांगता चालत बाहेर पडलेला. त्यातलं खरं किती आणि तुम्ही रंगवलेलं किती, देव जाणे. मी मात्र त्या माणसावर जीव टाकला होता.

तेव्हा माझ्या शेजारी बसून तिसरी भाकरी मागणारा तुमचा लाडका कॅचर आठवतो ना? तो आता आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा अध्यक्ष आहे, शाळा चालवणाऱ्या संस्थेचाही मालक आहे. त्यानं तुमच्या सांगण्यातला नेमका तमाशा तेवढा उचलला. दरवर्षी तुमच्या मॅचला नवा ट्रॅकसूट घालून येतो, पहिला बॅटर म्हणून उभा राहतो, पिचर त्याला देवाला फूल वाहावं तसा चेंडू टाकतो. हा तो चेंडू बॅटनं नुसता ढकलतो, पोट सांभाळत पहिल्या बेसवर जातो, त्याला कुणी बाद करत नाही. मग स्टेजवर जाऊन बसतो. झाला त्याचा सीझन. मागं बॅनर असतो, 'अखंड कारकीर्द'. आणि भाषणात तुमचे ते सगळे अमेरिकन म्हातारे येतात, एकेक करून, स्वतःच्या नावाशेजारी बसवलेले.

यंदा चिठ्ठ्या टाकून टीम पाडल्या आणि मी त्याच्या विरुद्ध आले. तुमच्या हाताखालच्यांपैकी अजून खरोखर पिचिंग करणारी मी एकटीच उरलेय, आणि मला त्याचा माज आहे, सर, लपवत नाही. केस पांढरे झाले, गुडघा बोलतो, तरी मी चेंडू टाकते आणि तो सांगितल्या जागी जातो. यावरच माझं सगळं चाललंय. सकाळी त्याचा फोन आला, "बाई, आज जरा हळू घ्या. पाहुणे येऊन राहिलेत." मी बघू म्हणाले. मला हेडमास्तर आठवले. गॅदरिंगच्या दिवशी ते हौसेनं बॅट घेऊन आले, मी चेंडू हळूच सोडला, आणि तुम्ही सगळ्यांदेखत मॅच थांबवून मला झापलंत. "समोर उभा हाय तो खेळाडू. लाज काढू नकोस त्याची." दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला स्टँडवरच्या मोच्याकडून चपलेच्या दोऱ्यानं शिवून आणलेला जुना चेंडू दिलात. तो अजून माझ्याकडे आहे.

तर काल मी हळू टाकला नाही. पहिला चेंडू बॅटरसमोरच्या प्लेटच्या मधोमध, कमरेइतका, म्हणजे नियमानं आत. अध्यक्षांनी बॅट हलवलीसुद्धा नाही. अंपायर म्हणजे आपल्याच टीमचा जुना शॉर्टस्टॉप, अध्यक्षांच्याच शाळेत मास्तर आहे. म्हणाला, "बॉल." म्हणजे बाहेर. दुसराही तसाच आत, तोही बाहेर. तिसराही. मग चौथा. चार बाहेर गेले की बॅटरला न मारता पहिला बेस मिळतो, हे तुम्हीच आम्हाला फळ्यावर काढून शिकवलेलं. अध्यक्ष बॅट टाकून चालत निघाले. फटाके वाजले, हार पडला, फोटो निघाले. आणि मग त्यानं तो गळ्यातला, घामानं चिंबलेला हार काढला आणि तुमच्या फोटोला घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जाऊन तो काढला आणि खुर्चीखाली फेकला.

चहाच्या वेळी अंपायर माझ्याजवळ आला. मान खालीच. "बाई, माझं पोट हाय त्याच्याकडं. तीन खोटे बोललो. पण चौथा खराच बाहेर होता." माझं डोकंच फिरलं. मी त्याला लाचार म्हणाले, विकला गेलेला म्हणाले, भर मंडपात. चारही आत होते, पोराबाळांची शपथ घे म्हणाले. तो कप ठेवून निघून गेला. आता सगळं गाव माझ्या बाजूनं बोलून राहिलंय, आणि पुढच्या वर्षी मीच पिचर हवी म्हणतंय. मी हो म्हणून आलेय.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, काकूही राहिल्या नाहीत. कपाटात तुमच्या चेंडूखाली ठेवून देते. खांदा दुखला नव्हता, पाय घसरला नव्हता, वारंही नव्हतं, तरी चेंडू सांगितल्या जागी गेला नाही. सर, चौथा बाहेरच होता.