बाबांची बंदूक

अहो,

शिफ्टवरून आलात की खुंटीवर बंदूक दिसणार नाय, घाबरू नका. बाबा आणि मी ती जमा करायला रोह्याला पोलीस ठाण्यात गेलोय. परवाना सोबत घेतलाय.

म्हाताऱ्यांना परवान्यासाठी डोळ्यांचा दाखला लागणार, असा कायदा येतोय का, हे तुम्ही रोज पेपरात बघता आणि बाबांना वाचून दाखवताना तेवढंच गाळता. त्यांना ते बाजारात केव्हाच कळलंय. सकाळी मला म्हणाले, "कायद्याची वाट कशाला बघू गो? परवा शेतात डुक्कर समजून मी तुझ्या नवऱ्यावर, आपल्या आदेशवरच नेम धरला होता. तो खोकला म्हणून थांबलो. त्याला नको सांगू."

बंदुकीवरून तुम्ही त्यांच्यावर रागवू नये म्हणून लिहिलं. तुम्हाला ठाऊक आहे हे त्यांना कळू देऊ नका.

भाकऱ्या टोपलीत झाकल्यात. संध्याकाळी डुकरं हाकायला वाजवायचा डबा घेऊन भाताच्या राखणीला जाल, तेव्हा बाबांनाही न्या. डुक्कर कुठून येतंय ते तुम्हाला ऐकू येत नाय, असं सांगा. खोटं नाय ते. त्यांचे कान अजून तुमच्यापेक्षा तिखट हायत.

नूतन