उसना आवाज

१ जुलै

पुन्हा तोच पत्र्याचा आवाज! ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं. तेव्हापासून मी टाइप करतो, लॅपटॉप बोलतो. भाजीवाली हसली — "आप्पा, ह्यो रोबो कुठून धरून आणला?"

रविवारी सटाण्याला सभा. अन्यायाविरुद्ध या खरखरीत आवाजात बोलू? नाही!

तृप्तीचा ओझरहून मेसेज. बोलणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बॅकपोर्ट्समध्ये आलीय — म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या जुन्या, भरवशाच्या डेबियन सिस्टिमवर चालतील अशी मुद्दाम बांधलेली नवी पॅकेजेस. "बाबा, एकच पॅकेज घ्या, त्याचं नाव घालून. टर्मिनलात कमांड टाइप करताना आधी -s लावा, काय काय बदलणार ते नुसतं दिसेल. बाकी कशाला हात लावू नका."

लेक पूर्वी फोन करायची. मुक्याला कोण करणार!

२ जुलै

एकच? अर्धी सुधारणा म्हणजे जुन्या भिंतीला नवा चुना — गावोगाव गरजून सांगितलंय मी. सगळंच नवं घेतलं!

रीस्टार्ट केला. आवाज बंद. पत्र्याचासुद्धा.

३ जुलै

दिवसभर एक शब्द नाही. दूधवाल्याला बोटं दाखवली — अर्धा लिटर. तो वर न बघताच गेला.

४ जुलै

शेवटी तृप्तीला कळवलं. उत्तर लगेच — "टर्मिनल म्हणजे सभा वाटली का, बाबा? मागे आले तेव्हाच सगळ्या सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घेऊन ठेवलाय. तो परत आणा. तुम्ही सगळंच नवं घेणार, ठाऊक होतं मला!"

आणला. लॅपटॉप पूर्वीसारखा झाला. मग मुकाट्याने नाव घालून, -s लावून पाहिलं. दोनच पॅकेजेस बदलणार होती. मग -s काढून हो म्हटलं.

नवा आवाज आला. शांत, खोल. माझा नाही — पण माणसाचा!

भाषण टाइप करून ऐकलं. खोलीत श्रोता मी एकटा.

कोंडाजीचा सटाण्याहून मेसेज. सभा तोच भरवतोय. "आप्पा, मशीनच बोलणार ना? मग तुम्ही कशाला दगदग करता? रेकॉर्डिंग धाडा, आम्ही लावू."

म्हणजे मी नकोच.

५ जुलै

रेकॉर्डिंग धाडलं नाही. तृप्तीला फोन लावला. मशीन म्हणालं, "बाबा बोलतोय." ती हसली, रडली, मग बोलत सुटली. माझं उत्तर टाइप होईतो तिचं पुढचं सुरू! मधे तोडता येईना. जन्मात पहिल्यांदा तिचं शेवटपर्यंत ऐकलं.

उद्या सभेसाठी ती गाडी काढतेय. कोंडाजीला कळवलं — दोघं येतोय.