शेवरीबेटाचा मास्टर प्लॅन

१२ जून, गुरुवार
मेव्हणा किशोर दुकानात आला. शेवरीबेटावर सोळा नवी घरं आणि सभागृह बांधायचंय, प्लॅन तुम्हीच काढा म्हणाला. योग्य माणसाकडे आला. महाडच्या कोर्टासमोर बावीस वर्षं इंजिनिअर लोकांचे नकाशे झेरॉक्स करतोय. डिग्री नाही, पण त्यांच्या चुका पहिल्या मला दिसतात. अट एकच घातली. बेटाचा जुना दगडी धक्का हलवायचा नाही. लगेच हो म्हणाला. शब्दाचा माणूस.

१५ जून, रविवार
होडीने बेटावर. धक्का मोजला. चौदा मीटर बासष्ट सेंटिमीटर, पायऱ्या अकरा. तिथे जन्मलेल्या एकालाही आकडा माहीत नव्हता. घरं जांभ्याची, कौलारू, प्रत्येक ओट्यावरून धक्का दिसेल अशी. बेटावरच्या सगळ्यात वयस्कर ठकूबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, धक्का जल्मभर बघतेय रे बाबा, पुराचं पानी घरात येनार नाय तेवढं बघ.
भारावल्या होत्या. पूर परिशिष्टात घेतो.

३ जुलै, गुरुवार
किशोर म्हणतो, लोकांना नकाशा कळत नाही, मॉडेल करा. मध्ये हातभर जागा मोकळी ठेवा. मागे डोंगर जरा उंच घ्या. लायटिंगला वायरी सोडा. याला मोकळ्या जागेचं महत्त्व कळतं, हे नवीनच. अनुपमा भावाचं ऐकून हसत आत गेली. बायकांना टाउन प्लॅनिंग कळत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार
मॉडेल तयार. मीटरला सेंटिमीटर. धक्क्याला सावित्री नदीतले खडे, चाळणीने चाळून. किशोर होडीतून घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात सगळे मुंबईकर गावी येतायत, त्यांच्यासमोर मांडणार. शर्ट इस्त्रीला दिला. भाषणाचे मुद्दे: सात.

२८ ऑगस्ट, गुरुवार
गेलो. मॉडेलसमोर ही गर्दी. मोकळ्या जागेत गणपती.
माझ्या स्केलने मूर्ती बेचाळीस मीटर उंच होते. एकालाही खटकलं नाही.
किशोरला बाजूला घेऊन प्लॅनचं विचारलं. म्हणाला, भावोजी, प्लॅन मे महिन्यातच पास झाला. बिरवाडीचा कॉन्ट्रॅक्टर आहे. स्लॅबची घरं, उंच खांबांवर. पूर खालून जाईल. धक्का? तो भरावात जाणार. ठकूबाई मध्येच म्हणाल्या, दगड जातायत कुठं, बेटावरच हायत ना. आरती कर, परसाद घे.
सात मुद्दे खिशातच राहिले.
अनुपमाला जूनपासून माहीत होतं. म्हणाली, इतके खूश होतात, कोण सांगणार तुम्हाला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
तिच्याशी बोलणं बंद. सकाळी चहापुरतं बोललो.

८ सप्टेंबर, सोमवार
किशोर मॉडेल परत घेऊन आला. सोबत भिंतीवरचं घड्याळ. तालुक्याच्या सजावट स्पर्धेत दुसरा नंबर. पहिला कापसाच्या हिमालयाला. मॉडेलवर धक्का नाही. विचारलं. समई मावत नव्हती, म्हणून कापला.
संबंध संपले, असं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, बरं. पुढच्या वर्षी गणपतीला सगळ्यांचं रायगडाचा देखावा करायचं ठरतंय, तुमच्याशिवाय कोण करणार.
साफ नाही म्हणालो.
जागा किती देणार, एवढंच विचारलं.