वरीलप्रमाणे

प्रिय भडकू,

आधी चिमणीचं सांगते, कारण पत्र उघडल्यावर तू तुझ्या बायकोचीच बातमी शोधशील. डावा डोळा गेला. डॉक्टर तीन आठवडे "बघू, बघू" म्हणत होते, परवा त्यांनी बघणं थांबवलं. उजवा शाबूत आहे, गालावरचे टाके सुकलेत, आणि जिभेला तर काच लागलेलीच नव्हती. काल म्हणाली, आता नवऱ्याकडे निम्मंच बघावं लागेल, तेवढीच सुटका. मी हसले आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. तुझा निरोप वकिलांनी पोचवला. सोमवारी सुटतोय, तेव्हा शेंडेफळाची गळकी तोटी दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस, असा. कोठडीत बसूनही तुला टाकीचीच काळजी.

थोरली, मधली आणि शेंडेफळ. डेअरीच्या भंगारातून त्या तीन टाक्या आणल्या तेव्हा तू त्यांना आंघोळ घालावी तसं घासलं होतंस. जुन्या लाँड्रीची जागा आपण घेतली ती फक्त फरशीला गटाराकडे उतार होता म्हणून, आणि त्या उतारावर आपण दोघं खडूने टाक्यांचे गोल आखत गुडघ्यांवर रांगत होतो. मी यीस्टच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं घालवलेली, तू वेल्डर. एवढ्या भांडवलावर बिअरचा कारखाना काढायचा म्हणजे वेडेपणाच. बँकेसाठी एकतीस पानांचा आराखडा केला, तर तू म्हणालास, यात बिअर कशी करायची ते एका पानात आहे आणि बँकेला कसं पटवायचं ते तीस पानांत. तुझा टेम्पो विकला, माझी शिल्लक घातली, परवान्यासाठी सात महिने खेटे घातले. उरलेलं बँक देणार होती. बँकेच्या साहेबांची अट एवढीच की वीस तारखेच्या बैठकीत दोन क्रेट तयार बाटल्या टेबलावर हव्यात, फेसासकट. नाही जमलं तर पुढची बैठक सहा महिन्यांनी, आणि सहा महिन्यांचं भाडं आपल्याला गिळून टाकणार हे तुलाही कळत होतं आणि मलाही.

तो दिवस तू बाहेरून ऐकलास, मी आतून पाहिला. चिमणी खिडकीशी बसून लेबलं चिकटवत होती. पहिली बाटली फुटली तेव्हा मला वाटलं दगड मारला कुणी. मग तिच्या शेजारची गेली, मग अख्खं क्रेट, एकीने दुसरीला फोडत. छतातल्या दिव्याच्या पत्र्यात काच घुसली, माझ्या कानशिलावरून एक तुकडा गेला तो अजून दाराच्या चौकटीत रुतलेला आहे. आवाज थांबला तेव्हा चिमणी उभी होती, बोटाला लेबल तसंच चिकटलेलं, आणि तोंडावरून फेस ओघळत होता. फेस गुलाबी होता. तिने मला विचारलं, "ताई, मला काही झालंय का?"

दवाखान्याच्या बोळात तू माझे दोन्ही खांदे धरून मला भिंतीवर आपटलंस. मुद्दाम नाही, ठाऊक आहे मला, तुझ्या हातांना तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं. कसं झालं, कसं झालं, एवढंच विचारत होतास. मी म्हणाले, काच कच्ची होती. तीन शब्द. तू मला सोडलंस आणि निघालास, आणि तू कुठे निघालायस हे तू जिना उतरायच्या आत मला कळलं होतं.

मी तुझ्या मागोमाग आले होते, भडकू. हे तुला माहीत नाही. तू लाँड्रीत जाऊन माल्ट ढवळायचं लाकडी वल्हं उचललंस, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे होते. ज्याच्याकडून आपण बाटल्या घेतल्या त्या बाटलीवाल्याच्या अंगणात तू शिरलास, तो म्हातारा टबात हात घालून बाटल्या धूत होता, त्याने तुला बघून "या, या" म्हटलं. पहिला फटका जबड्यावर बसला. दुसरा त्याने कोपरावर घेतला आणि कोपर मोडल्याचा आवाज मला फाटकापर्यंत आला. मग तो टबात पडला, पाणी लाल झालं, आणि तू पाण्यातच मारत राहिलास. "आंधळी केलीस, आंधळी केलीस" असं ओरडत होतास. एका वाक्यात तुला थांबवता आलं असतं मला. मी फाटकाचा गज धरून उभी राहिले. खरं सांगते, आज काही लपवायचं नाही: एक क्षण मला वाटलं, होऊ दे, हा माणूस कायमचा गप्प झाला तर बरं. ते वाटणं माझंच होतं. शेजारच्या गॅरेजवाल्यांनी तुला ओढून काढलं तेव्हा वल्हं तुटलेलं होतं.

आता ऐक. आंबवण्याचं काम संपलं की नाही ते काचेच्या त्या तरंगणाऱ्या नळीवर कळतं. यीस्ट साखर खातं तसा आकडा उतरतो. तीन दिवस आकडा तोच आला तरच बाटल्या भरायच्या, हा नियम मीच खडूने भिंतीवर लिहिलेला. पहिल्या दिवशी चौदा आला. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी अकरा. गारठ्याने यीस्ट झोपलं होतं, ऊन पडलं आणि ते जागं झालं, एवढीच गोष्ट. पण फेस धरायला बाटल्यांना दोन आठवडे लागतात, आणि वीस तारखेला बरोबर दोन आठवडे उरले होते. मी नळी पुसून डब्यात ठेवली आणि नोंदवहीत तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं: वरीलप्रमाणे. बाबांच्या गोदामाच्या वहीतला शब्द. तू शाळेत दुसऱ्या प्रश्नाखाली तोच लिहून भोपळा आणला होतास आणि मी आठवडाभर तुला चिडवलं होतं. सोळा वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता, आणि हाही लिहिला नाही. आकडाच लिहिला नाही. वर बाटल्या भरताना रीतीप्रमाणे चमचाभर साखर घातली आणि जिवंत यीस्टवर झाकणं ठोकली. काच चांगली होती. कुठलीच काच तेवढा दाब सोसणार नाही.

उरलेल्या चाळीस बाटल्या मी नंतर फोडल्या. तुझा वेल्डिंगचा मुखवटा चढवला, दाराआड उभी राहिले आणि एकेकीवर दगड घातला. प्रत्येक बाटली बंदुकीसारखी उडत होती. मला बरं वाटत होतं, आणि संपल्यावर आणखी हव्या होत्या.

वीस तारखेच्या बैठकीत बाटल्यांऐवजी मी नोंदवही ठेवली होती, आणि मंगळवारी बँकेचं पत्र आलं. दोष पुरवठादाराच्या बाटल्यांचा, प्रक्रियेचा नाही, सोबत नोंदवहीच्या पानाची प्रत, कर्ज मंजूर. तेच पत्र घेऊन मी बाटलीवाल्याला भेटायला गेले, का ते मला सांगता येणार नाही. जबडा तारेने बांधलेला, म्हणून तो पाटीवर लिहितो. त्याने लिहिलं, "एकेक बाटली उजेडात धरून बघतो. ही कशी सुटली?" मग पाटी पुसली आणि लिहिलं, "बाईंचा डोळा?" त्याची मुलगी भिंतीला टेकून उभी होती, शाळेत शिकवते ती. दात ओठ खात म्हणाली, बाबांनी ठरवलंय, जबाब बदलणार, क्रेटवरून पाय घसरला म्हणणार, आपल्या बाटलीने पोरीचा डोळा गेला म्हणतात, मग तिच्या नवऱ्यावर राग कशाला धरू. वकिलांनी तुला सोमवार सांगितला तो ह्यामुळे. मला काही करावंच लागणार नव्हतं. गप्प बसलं की तू घरी, कर्ज हातात, तिन्ही टाक्या भरलेल्या.

दोन दिवस गप्प बसले. काल संध्याकाळी चिमणीला सगळं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "माझ्याशी काय बोलताय, ताई? जा आणि त्यांना सांगा."

आज सकाळी गेले आणि सांगितलं. चौदा, चौदा, अकरा, सगळं. म्हाताऱ्याने पाटी उलटी करून छातीवर ठेवली आणि डोळे मिटले. मुलीने हातातला स्टीलचा थर्मास माझ्या कपाळावर घातला. चार टाके पडलेत, मी हात वर केला नाही. ती म्हणाली, आता जबाब बदलणार नाही, आणि तिचं काही चुकलं नाही. बँकेला खरा आकडा कळवून आले, चौकीत माझा जबाब लिहून दिला. तू सोमवारी सुटणार नाहीस, भडकू. तू निरपराध माणसाला मारलंस, आणि तो निरपराध आहे हे मला माहीत होतं. वकील उद्या येऊन सांगतीलच, पण तुझी सुटका कुणी मोडली ते तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून हे लिहिलं. गुरुवारी भेटीच्या वेळी मी येऊन बसेन. तू बाहेर आला नाहीस तरी वेळ संपेपर्यंत बसेन, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन.

तुला नको असले तरी तुझीच,
ताई