एजिनाची तीस कासवं

२ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. कलावंताच्या डोक्यात तारखा राहत नाहीत.
तीस कासवं तयार झाली. ग्रीसमधल्या आमच्या एजिना बेटाचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं, त्यावर समुद्री कासव. बंदरावरच्या इतर दुकानांत मिळतात ती बिस्किटं. माझी ती नाणी. कडेला एक टवका उडवलाय, खऱ्या जुन्या नाण्याचा उडालेला असतो तसा. तिसांनाही एकाच जागी, मोजून. गिऱ्हाइकांत भेदभाव नको.

३ फेब्रुवारी
फार चकचकतात. मीठ, व्हिनेगर आणि बकरीच्या लेंड्या घालून मागच्या जमिनीत पुरली. लोणच्यासारखी मुरू देत. मागल्या बाजूला ‘नक्कल’ असा शिक्का मारायचा असतो, तो विकताना मारीन. पुरल्याची जागा पक्की लक्षात आहे, लिहायची गरज नाही.

११ फेब्रुवारी
धाकटी बहीण एव्दोकिया आली. मागची जमीन वाटणीत तिची. घराचा परवाना मिळाला म्हणाली. नऊ वर्षं ती आणि तिच्या दोन मुली भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि दर जूनला घरमालक पर्यटकांसाठी त्यांना बाहेर काढतो. म्हणाली, दादा, या जूनला खोकी बांधायची नाहीत! मुलींनी आपापली खिडकी ठरवूनही ठेवलीय. फार आनंद झाला.
पुढच्या महिन्यात खोदकाम. त्याआधी नाणी काढून घेतो. भरपूर वेळ आहे.

२७ फेब्रुवारी
पिस्त्याच्या झाडापासून सात पावलं खणलं. नाहीत. अंजिरापासून सात पावलं खणलं. नाहीत. पाठ गेली. जास्त मुरली तर बरंच.

३ मार्च
आज पतंगांचा सोमवार. ईस्टरआधीच्या उपासाच्या पहिल्या दिवशी कुदळ कसली धरायची? उपासाला चालतो तो ऑक्टोपस आणि उझोची बाटली. उद्या नक्की.

१० मार्च, दुपार
लिनार्दोस सकाळी जेसीबी घेऊन आला. अकराला यंत्र थांबलं. धावत गेलो, तर हा तळहातावर माझं कासव घेऊन उभा. एव्दोकियाला सांगत होता, ताई, घर विसरा आता. पुराणवस्तू निघाली की पुरातत्त्व खात्याला कळवायचं, काम बंद. नाहीतर मी आत.
खोदायचं जवळजवळ संपलंच होतं. बुधवारी काँक्रीट पडायचं होतं. ती मातीतच बसली.
मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात लिनार्दोस म्हणाला, काय हात होता हो त्या लोकांचा! आजच्या कुणाला जमेल का?
मी ते कासव त्याच्या हातून घेतलं आणि उन्हात धरून बघितलं. संध्याकाळी सांगतो.

१० मार्च, संध्याकाळ
नाही सांगितलं. ती रडत होती. रडणाऱ्या माणसाला धक्का देऊ नये.

१३ मार्च
कॉफीच्या दुकानात दुसरा विषय नाही. पाद्रीबाबा फोनवरचा फोटो सगळ्यांना दाखवत म्हणाले, हे कासव बघा, जिवंत वाटतं. मग माझ्याकडे वळून, मांथोस, तू इतकी वर्षं ठोकतोयस, शीक काहीतरी यांच्याकडून. मी फक्त हसलो. असा अपमान रोज व्हावा.

१५ मार्च
शांतपणे विचार केला. आज सांगितलं तर मी एक वेंधळा दुकानदार. पण खात्याने खरी ठरवली आणि मग मी सांगितलं, तर? संग्रहालयं माझ्याकडे नाणी मागतील. एव्दोकियाला वरचा मजलाही बांधून देईन. म्हणजे गप्प बसणं तिच्याच हिताचं आहे.

१९ मार्च
एव्दोकिया मसुराचं सूप घेऊन आली. म्हणाली, दादा, तुला यातलं कळतं. खरं सांग, खरी आहेत का रे? मी म्हणालो, शक्यता नाकारता येत नाही. यात खोटं काहीच नाही.
सूपमध्ये मीठ कमी होतं. तिचं लक्ष नव्हतं.

२१ मार्च, पहाट
एकोणतीसच सापडलीत म्हणे. तपासायला खात्याच्या बाई येणार, त्यांना अपुरा ऐवज काय दाखवायचा? कुणी उठायच्या आत खड्ड्यात उतरलो आणि कोपऱ्यात दोन हात आडवं खणलं. तिसावं मिळालं! तिथे ओळीने मोठे दगड लागले, कुदळीचं टोक मोडलं. कासव वरच ठेवून आलो, दिसेल असं.

२४ मार्च
दुपारच्या बोटीने खात्याच्या रोदांथीबाई आल्या. मी कोट घातला होता. त्यांनी दोन नाणी उचलली, शेजारी शेजारी धरली आणि विचारलं, ही बंदरावर कोण विकतं? सगळ्यांचा टवका एकाच जागी? हातोड्याने घडवलेली दोन नाणीसुद्धा कधी एकसारखी नसतात हो.
अर्धा मिनिट. भिंगही काढलं नाही.
लिनार्दोस हसत सुटला. एव्दोकियाने मला मिठी मारली, म्हणाली, दादा, तुझीच होती! वाचलो रे! बुधवारी काँक्रीट!
बाई अजून खड्ड्यातच होत्या. कोपऱ्यातल्या दगडांवरची माती हाताने झटकत होत्या. मग विचारलं, ही भिंत कुणी उघडी केली?

२६ मार्च
भिंत खरी आहे. चोवीस शतकांपूर्वीची. काम बेमुदत बंद. एव्दोकिया एकच वाक्य म्हणत राहिली, दोन हात. खड्ड्यापासून फक्त दोन हात बाजूला होती.

२ एप्रिल
जमिनीचा निकाल लागायला चार वर्षं, असं बाई म्हणाल्या. लिनार्दोस म्हणाला, माझ्या मावसभावाला अकरा लागली.
एव्दोकियाला समजावून सांगायचे मुद्दे काढले. सात झाले. सहावा फार चांगला आहे.

३१ मे
घरमालकाचे पर्यटक उद्या येणार. एव्दोकिया आणि मुली माझ्या कारखान्यात राहायला आल्या. भट्टी आणि ऐरण अंगणात काढली, त्यांवर ताडपत्री टाकली. धाकटीने विचारलं, मामा, इथे खिडकी कुठाय? मी म्हणालो, दार मोठं आहे.
पलंग आत नेताना एव्दोकिया थांबली. म्हणाली, पहिल्याच दिवशी का नाही बोललास?
सातही मुद्दे पाठ होते. तोंडातून निघालं ते भलतंच. म्हणालो, एकदा तरी कुणाला तरी ती खरी वाटावीत, असं वाटलं.
तिने पलंगाची तिची बाजू उचलली. मग म्हणाली, ते टोक धर. गुडघे वाकवून उचल, नाहीतर पाठ जाईल.