तुझ्या अंगात कुणी येत नव्हतं

आये, मी बोलते आणि तुझी नात लिहिते. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं. म्हणजे हे पत्र दोघींच्याही कामाचं नाही.

पहाटे उठायचीस तीच घामाने भिजलेली. सिंधी निर्वासितांच्या कॅम्प पाचमधली ती एक खोली, स्टोव्हवर चहाचं आधण, आणि तू भिंत धरून भलतंच बडबडतेयस. शेजारची सिंधी अम्मा धावत येते, "माता आयी है, मीठा खिलाओ!" म्हणत तुझ्या तोंडात खडीसाखर कोंबते, पाया पडते. घटकाभराने शुद्धीवर येऊन तू विचारायचीस, "ही बया माझ्या पायाशी काय शोधतेय?" मी हसून लोळायचे.

आबांना हसू येत नसे. अंबरनाथहून रात्रपाळी करून आलेला माणूस दारातली गर्दी बघून पेटायचा. "धम्म घेताना देव वालधुनी नदीत सोडले ते काय बायकोच्या अंगात आणायला?" विहारात लोक काय म्हणतील, ही धास्ती. मला बजावलं, असं झालं की कडी लावायची, अम्माला आत घ्यायचं नाही. गोडासाठी सोंग करते तुझी आई, म्हणाले. मी बारा वर्षांची, स्वतःला हुशार समजणारी, मलाही पटलं.

पौर्णिमेला तुझा उपोसथ, दुपारनंतर पाण्याशिवाय काही नाही. दुसऱ्या सकाळी तू पडलीस. अम्मा दार बडवतेय, "खोल, बेटी!" आणि मी कडी धरून उभी आहे. आबा आले तोवर तू गार झाली होतीस. तेव्हापासून मला पहाट उजाडूच नये असं वाटतं.

आता ही लिहिणारी, बेलवलीच्या घरात, तशीच पहाटे घामाघूम होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ आहे, ती रक्तातली साखर खाली ओढते. फार क्वचित होतं म्हणे. घ्या, आमच्या घराण्याला दुर्मिळ काही मिळालं तर हे! झटका आला की गोड द्या, माणूस उठून बसतो, म्हणाल्या. एवढंच होतं, आये. अम्मा खुळी होती आणि तिलाच कळत होतं.

मग त्यांनी विचारलं, "आजी, घरात आधी कुणाला असं व्हायचं? असेल तर गाठी जास्त असू शकतात, ऑपरेशनआधी सगळं तपासावं लागेल." मी म्हणाले, "नाही बाई, कुणाला नाही." ऑपरेशन परवा आहे.

हिच्या तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून तुझ्या नावाने हिला ऐकवलं. ही पेन थांबवून म्हणते, "आई, पत्र राहू दे. आधी त्यांना फोन लावते." म्हटलं, लाव. पत्र कुठे जाणार होतं? सांगून तू परत येत नाहीस, आणि हिचं काय होईल कोण जाणे. फक्त एवढं लिही, म्हटलं. आबांचा धाक होता, खरं. पण त्या सकाळी आबा घरात नव्हते. तुझी लाज मलाच वाटत होती.