दोन अंश खाली

सोमवार, ४ मार्च
आजपासून बाबांच्या गॅरेजमध्ये विज्ञान सुरू.

बाबांनी चॅम्पियनची गाडी माझ्या हवाली केली. (त्याला चॅम्पियन म्हणतात, अजून एकही शर्यत जिंकलेला नाही.) मोठं इंजिन बसवल्यापासून वेग घेतला की गाडी मागून थरथरते. कारण मी उभ्या उभ्या सांगितलं: पिनियन अँगल. इंजिनाचा जोर लांब शाफ्टमधून मागच्या एक्सलकडे, म्हणजे चाकांच्या आसाकडे जातो. तिथे शाफ्टला जोडलेलं पिनियनचं, म्हणजे छोट्या गिअरचं, तोंड जोर आला की वर उचललं जातं. म्हणून ते आधीच दोन अंश खाली झुकवून ठेवायचं. फायनल इयरचा माझा प्रोजेक्टच हा होता. ड्रॉइंगला पैकीच्या पैकी. बाबा म्हणाले, बघा, याला म्हणतात शिक्षण. आई म्हणाली, हात धुऊन जेवायला ये.

रविवारी शर्यत. गाडी नीट पळाली तर मी कायमची गॅरेजमध्ये. नाहीतर पुढच्या सोमवारपासून मामाने बघून ठेवलेल्या शोरूमच्या रिसेप्शनवर. मामाला वाईट वाटणार, पण इलाज नाही.

मंगळवार, ५ मार्च
बाबा पाठीवर झोपून गाडीखाली शिरतात. ते बंद केलं. गाडी लिफ्टवर, चाकं मोकळी लोंबकळत, खाली मी ताठ उभी. अँगल मीटरला चुंबक आहे. शाफ्टवर शून्य करायचा, पिनियनला चिकटवायचा, की फरक दिसतो. सस्पेन्शनचे वरचे दांडे फिरवून पिनियन झुकवलं. दोन अंश, बिनचूक! बाबांनी शेजारच्या टायरवाल्याला बोलावून आकडा दाखवला.

संध्याकाळी चॅम्पियनने फेरी मारली. म्हणाला, आधी नुसती थरथरायची, आता दात वाजतात. माझं निदान: रस्ता खराब आहे.

बुधवार, ६ मार्च
गाडी परत वर. दोन अंश. म्हणजे अँगल निर्दोष. टायर बॅलन्स करून घेतले. टायरवाला दुखावला; म्हणाला, ताई, गेल्याच आठवड्यात केलेत. फेरी: तीच थरथर. चॅम्पियन क्लच झटक्याने सोडतो. त्याला गाडी चालवायला शिकवायचं ठरवलं. गोड बोलून.

शुक्रवार, ८ मार्च
सकाळी दोन अंश, दुपारी दोन अंश. इतकं सातत्य मला आयुष्यात दुसऱ्या कशात जमलेलं नाही.

चॅम्पियन म्हणाला, टांगलेली असताना गाडी झकास आहे की! शर्यत लिफ्टवरच ठेवायला सांगू का? असली टिंगल मी मनावर घेत नाही. (दुपारी जेवले नाही, पण ते वेगळ्या कारणाने.)

बाबांना म्हटलं, शंका असेल तर दुसऱ्या कुणाला दाखवा. म्हणाले, घरात इंजिनिअर असताना? हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

शनिवार, ९ मार्च
विचित्र प्रकार. मीटर काढायचा राहिला आणि बाबांनी गाडी खाली घेतली. मी वाकून बघत होते. चाकं टेकली, गाडी बसली आणि आकडा फिरायला लागला. दोन, एक, शून्य, आणि पुढे उलट्या बाजूला तीन.

मग उलगडा झाला: मीटर बिघडलाय. गाडी पुन्हा वर घेतली, दोन अंश. म्हणजे मध्येच चालतो, मध्येच नाही. बॅटरी बदलली. बाबा म्हणाले, हल्ली वस्तूंचा भरवसाच नाही.

रविवार, १० मार्च
हिरवा झेंडा हलला. बाकीच्या गाड्या गेल्या. आमची जागच्या जागी उसळली, खालून धाडकन आवाज, शाफ्टचा जोड तुटला.

चॅम्पियनने उतरून हेल्मेट माझ्या हातात दिलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. बोलले ते बाबा. न विचारता, भेटेल त्याला: मीटर बिघडलेला होता, पोरीची काही चूक नाही. गाडी ओढून न्यायला आलेल्या क्रेनवाल्याने विचारलं, कसला मीटर? बाबांनी त्याला पिनियन अँगल समजावला. अगदी माझ्याच शब्दांत.

सोमवार, ११ मार्च
रिसेप्शन. मामा सोडायला आला. एसी आहे हो, एसी आहे, असं दोनदा म्हणाला.

निघताना बाबांनी हातात खोकं ठेवलं. नवा मीटर. म्हणाले, पुढच्या वेळी फसायचं नाही.

दुपारी कुणी नव्हतं. खुर्चीच्या सीटखालच्या लोखंडी पट्टीला मीटर चिकटवला. आकडा दोन. बसले, वाकून पाहिलं: फिरला. उठले: दोन. बसले: फिरला. आणखी एकदा करायची गरज नव्हती, तरी केलं. लिफ्टवर चाकं लोंबकळत असतात. गाडीचं वजन त्यांच्यावर नसतंच. अँगल मोजायचा होता तो जमिनीवर.

बाबांचा फोन आला. नवा मीटर नीट आहे ना? म्हटलं, नीट आहे. जुनाही नीट होता, असं म्हणणार, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

पहिल्या रिंगला उचलला.